सालामांकातली स्पॅनिश शाळा, काही महिन्यांनंतरचा अनुभव : आधी तास किती मिनिटांचा ते विचारा

स्पेनमधल्या सालामांका शहरात मी जिथं स्पॅनिश शिकून आलो, त्या शाळेची परवा मेल आली. जुन्या विद्यार्थ्यांना पुढच्या सीझनला सूट, आणि खाली तीच जुनी ओळ, आठवड्याला २० तास. ती ओळ वाचून डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलोय. शिरोली एमआयडीसीतले दोघं-तिघं आणि राजारामपुरीतला एक मित्र कधीपासनं विचारतायत की स्पेनला जाऊन भाषा शिकणं परवडतं का, शाळा कशी निवडायची, त्यांनाही एकदाच सांगून होईल. शाळेचं नाव घेत नाही, कारण तिकडच्या बऱ्याच शाळांचा कारभार थोड्याफार फरकानं असाच चालतो.

तर २० तास म्हणजे २० तास नव्हेत. तिथला तास ४५ मिनिटांचा. २० गुणिले ४५ म्हणजे ९०० मिनिटं, घड्याळाचे १५ तास. आठवड्याला पाच तास गेले कुठं? अटींच्या पानावर, खाली, बारीक अक्षरात. काही शाळांचा तास ५० मिनिटांचा असतो, काहींचा ५५. ५५ वाला २० तासांचा कोर्स म्हणजे १८ तास २० मिनिटं, ४५ वाल्यापेक्षा आठवड्याला तीन तासांहून जास्त. म्हणजे दोन शाळांची फी शेजारी ठेवून ही स्वस्त ती महाग असं म्हणताच येत नाही, आधी दोन्हींची मिनिटं काढायला पाहिजेत. मी निघायच्या आधी हे कुणी सांगितलं नाही, यूट्यूबवरचे सगळे लोक प्लाझा मायोरचे, म्हणजे तिथल्या मुख्य चौकाचे, फोटो दाखवत बसतात.

आता पुढचा हिशोब. वर्गात आम्ही नऊजण. ४५ मिनिटांतली निम्मी शिक्षिका बोलणार, ते बरोबरच आहे, उरली बावीस-तेवीस, नऊ जणांत वाटली की प्रत्येकाला अडीच मिनिटं. दिवसाला चार तास म्हणजे दहा मिनिटं तोंड उघडायला मिळणार. मालकांनी रजा दिली पण फी माझी, एफडी मोडून गेलेलो, ती दिवसाला दहा मिनिटांसाठी नाही.

स्पॅनिश का ते थोडक्यात. आमची फाउंड्री, म्हणजे धातू ओतून भाग बनवायचा कारखाना, मेक्सिकोला कास्टिंग म्हणजे ते ओतीव भाग जातात, मी क्वालिटी आणि एक्स्पोर्ट दोन्हीकडं असतो. इंग्रजी मेलवर काम भागतंय, पण शॉपफ्लोअरवरचा माणूस काय म्हणतोय ते कधीच कळत नव्हतं. कोल्हापुरात बसून ॲपवर शिकून वाचता यायला लागलं, बोलता येईना. चाळिशी ओलांडल्यावर असं घोळत राहण्यापेक्षा एकदा जाऊनच यावं म्हटलं. सालामांका निवडलं कारण तिथलं विद्यापीठ १२१८ पासूनचं, उच्चार स्वच्छ मानतात, माद्रिदपासून साधारण २०० किलोमीटर आणि खर्च माद्रिद-बार्सिलोनापेक्षा कमी. शाळेला इन्स्तितुतो सर्व्हांतेसची, म्हणजे स्पॅनिश भाषेसाठीच्या तिथल्या सरकारी संस्थेची, मान्यता होती, ती बघूनच फी भरली. ती मान्यता खरोखर बघा, शिकवणारे ट्रेंड असतात, पुस्तकं नीट असतात, लेव्हल टेस्ट घेऊन बसवतात. त्या बाबतीत तक्रार शून्य. पण मान्यतेच्या शिक्क्यावरनं तुम्हाला बोलायला किती मिळणार ते कळत नाही.

दुसरी गोष्ट सोमवारची. अशा शाळांत दर सोमवारी नवीन लोक येतात. कुणी एकाच आठवड्यासाठी, कुणी दोन. गेल्या आठवड्यात जे चाललेलं ते नव्यांसाठी परत थोडं मागं जातं, आणि शुक्रवारी गाडी कुठं रुळावर येते तोवर निम्मा वर्ग निरोप घेऊन गेलेला. जास्त दिवस राहणाऱ्याला हे लई जाचतं. मुक्काम मोठा असेल तर आधीच विचारा की आमच्या लेव्हलला महिनाभर तोच गट राहील का, आणि मेलवर लेखी घ्या.

आणि सुट्ट्या. १२ ऑक्टोबर त्यांचा राष्ट्रीय दिवस, १ नोव्हेंबर ऑल सेंट्स, दोन्ही माझ्या मुक्कामात आल्या आणि दोन्ही कामाच्या दिवशी. वर्ग नाही, फी मात्र पूर्ण. मी ऑफिसात गेलो, म्हटलं पैसे कमी करा नाहीतर तास भरून द्या. त्या बाई गोड बोलून म्हणाल्या, ग्रुपला भरपाई नसते, अटींत आहे. मी मेल टाकली, त्यांनी तीच अट परत चिकटवून पाठवली, मी परत मेल टाकली. शेवटी गावातली फेरी फुकट दिली, ती पण इंग्रजीत. मी ती घेतली नाही. डिसेंबरला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, ६ आणि ८ या दोन्ही तारखांना स्पेनभर सुट्टी असते, एकाच आठवड्यात दोन दिवस जाऊ शकतात. पैसे भरायच्या आधी त्या वर्षाचं कॅलेंडर काढून बघा, आणि प्रत्येक शहराच्या स्वतःच्या सुट्ट्या वेगळ्या असतात त्याही बघा.

मधल्या सुट्टीचं सांगतो. कॉफीच्या मशीनपाशी आम्ही उभे, जर्मन, डच, कोरियन, मी. शिक्षिका आत गेली की अर्ध्या मिनिटात सगळं इंग्रजी. वाईट कुणीच नाही, सगळ्यांना पटकन बोलायचं असतं आणि इंग्रजी सगळ्यांनाच येतं. सालामांका विद्यार्थ्यांचंच गाव, त्यामुळं बाहेरसुद्धा तेच. संध्याकाळी चौकात बसलं की शेजारच्या टेबलवर इंग्रजी. म्हणून गाव निवडताना प्रसिद्ध म्हणून निवडू नका, जिथं परदेशी कमी तिथं जा.

परत आलो तेव्हा एवढ्यावरच लोकांना सांगत होतो, पाचातले दोन स्टार, पैसे वाया. आता ते मत तसं राहिलं नाही. त्याची दोन कारणं.

पहिलं कारण घर. शाळेमार्फत एका सत्तरीच्या बाईंकडं राहायला होतो, एकट्याच राहायच्या. जेवण रात्री साडेनऊला, त्याआधी स्वयंपाकघरात त्या बटाटे सोलायच्या आणि मी दिवसभराचं सांगायचो. स्पॅनिशमध्ये भूतकाळाची दोन रूपं, एक घडून संपलेल्याचं, एक चालू असलेल्या परिस्थितीचं, आणि पुस्तकात कितीही वाचलं तरी बोलताना ती घसरतात. मी चुकीचं रूप वापरलं की बाई सुरी खाली ठेवायच्या. बरोबर रूप सांगायच्या आणि माझ्याकडं बघत थांबायच्या, मी सबंध वाक्य परत म्हटल्याशिवाय सुरी उचलायच्या नाहीत. रोज. चिडणं नाही, हसणं नाही. शेजारच्या खोलीत शाळेनं इंग्रजी बोलणारा एक पोरगा आणून ठेवला तेव्हा जेवणाच्या टेबलवर इंग्रजी चालू झालं, तेही त्यांनीच बंद केलं, माझ्या घरात स्पॅनिश म्हणाल्या. वर्गात दिवसाला दहा मिनिटं बोलायचो, इथं तासभर सहज व्हायचं, आणि राहण्या-जेवणाच्या पैशात. जेवण आपल्या जिभेला सपक लागतं, तिखटाचा पत्ता नाही, त्यांचं पिमेंतोन म्हणजे लाल पूड असते पण ती धुरकट वासाची. घरनं कांदा-लसूण चटणी नेलेली तिच्यावर दिवस काढले. तांबड्या रश्श्याची आठवण रोज यायची. तरी घरच निवडा, फ्लॅट शेअरिंग नको. आणि फॉर्मवर स्पष्ट लिहा, घरात दुसरा इंग्रजी बोलणारा विद्यार्थी चालणार नाही.

दुसरं कारण दुपारचे एकट्याचे तास. ग्रुपचा वैताग आला तसे मी ते वेगळे घेतले. आमच्या शाळेत एकट्याच्या तासाची फी ग्रुपच्या जवळजवळ चौपट होती आणि ती ऐकून पहिल्यांदा मी मागं फिरलो. मग रात्री बसून मांडलं. एकट्याच्या ४५ मिनिटांत निम्मी वेळ आपली, बावीस मिनिटं. ग्रुपमध्ये अडीच. नऊपट बोलणं, चौपट पैसे. म्हणजे मिनिटाच्या भावानं महाग दिसणारा तासच निम्म्याहून कमी किमतीत पडतो. मी आमचे रिजेक्शन रिपोर्ट घेऊन बसायचो, शिकवणाऱ्या बाईंना फाउंड्रीतलं ओ की ठो माहीत नव्हतं पण शब्द दोघं मिळून शोधायचो, वाळू, साचा, छिद्र, नाकारलेला लॉट. कुठलीही शाळा ग्रुपमध्ये हे शिकवणार नाही.

त्याचं फळ आत्ता मिळालं. एका लॉटमध्ये मशीनिंगनंतर ब्लोहोल, म्हणजे गॅसनं पडणारी छिद्रं, निघाले, तिकडनं मेल आली ती नेहमीसारखी, पोरॉसिटी, रिजेक्टेड, बास. मी फोन लावला आणि इन्स्पेक्शनच्या माणसालाच मागितलं. तो सांगत गेला, मी विचारत गेलो. होल सगळे एकाच बाजूला, कोअर, म्हणजे आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, बसतो त्या अंगाला, आणि एकाच कॅव्हिटी नंबरचे, म्हणजे साच्यातल्या एकाच खाचेतले. एवढं कळल्यावर आमच्या कोअर शॉपला जाऊन बघितलं तर त्या कोअरचा वेंट बुजलेला, गॅसला बाहेर पडायला जागाच नाही. आधी अशा तक्रारीवर आठवडे जायचे मेलामेलीत. त्या फोननंतर मला एफडीचं दुःख राहिलं नाही. ग्रुपच्या सकाळच्या तासांनाही आता थोडं श्रेय देतो, व्याकरणाचा पाया, खास करून ते सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शंका सांगायचं क्रियापदाचं रूप, तिथंच घोटून घेतलं. आजचे स्टार साडेतीन. उरलेला दीड त्या ४५ मिनिटांनी आणि दोन सुट्ट्यांनी खाल्ला.

उच्चारांची भीती घालणारे पुष्कळ. स्पेनमध्ये काही अक्षरांचा थ होतो, मेक्सिकोत स. कुणाचं काही अडलं नाही, तिकडच्या लोकांना पहिल्या दिवसापासनं माझं कळतंय. त द आपल्याला दाताचेच येतात, तिथं इंग्रजीवाल्यांपेक्षा आपण पुढं. अडतं ते दुसरीकडं. स्पेनमध्ये दुकानदारापासनं शिक्षिकेपर्यंत सगळ्यांना तू म्हणतात, मेक्सिकोत कामाच्या ठिकाणी मोठ्या माणसाला अहो-जाहो लागतं. आणि मित्रांना तुम्ही सगळे म्हणायचं जे वेगळं रूप स्पेनमध्ये आहे ते लॅटिन अमेरिकेत वापरतच नाहीत, पण प्रत्येक क्रियापदाच्या तक्त्यात सहातला एक रकाना त्याला द्यायचा, पाठ करायचा, परीक्षेला लिहायचा. ज्यांचं काम मेक्सिकोशी आहे त्यांनी त्या रकान्याला पैसे का मोजावेत?

म्हणून आमच्यासारख्या कामवाल्यांना मी सरळ सांगेन, स्पेनच्या आधी ग्वातेमाला आणि मेक्सिको बघा. ग्वातेमालात अँटिग्वा आणि केत्साल्तेनांगो, ज्याला तिकडं शेला म्हणतात, इथं एकास एक शिक्षक हीच रीत आहे, दिवसाला चार-पाच तास, राहणं कुटुंबात. अँटिग्वा सुंदर पण पर्यटकांनी भरलेलं, शेलात इंग्रजी कमी कानावर पडतं. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोला वेगळा काढावा लागत नाही, एक्स्पोर्टवाल्यांकडं तो बऱ्याचदा असतोच. स्पेनला युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा लागतो, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स पाहिजे, आणि व्हिसा सेंटरची फेरी धरा. डेले किंवा सिएले या स्पॅनिशच्या सर्टिफिकेट परीक्षांच्या मागं लागायचं तर डेलेच्या सर्टिफिकेटला मुदत नसते, सिएलेचं आधी विचारून घ्या. नोकरी बदलायची नसेल तर दोन्हीची गरज नाही, ग्राहक विचारत नाही.

सध्या मी ग्वातेमालातल्या एका शिक्षिकेकडं ऑनलाइन शिकतोय. त्यांची वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागं, आपल्या रात्रीच्या आठला तिकडं सकाळचे साडेआठ, कंपनीतनं येऊन जेवून बसता येतं. तास ६० मिनिटांचा, मी पहिल्याच मेलमध्ये विचारून घेतलं. पुढच्या रजेला शेलाला जायचा विचार आहे, मे ते ऑक्टोबर तिकडं पावसाळा, त्या दिवसांत कुणी राहून आलं असेल तर कुटुंबात राहायचा आठवड्याचा खर्च किती पडतो ते कळवा.