बदल केल्यावर बिथरलेला व्हॉल्व्ह ॲम्प: स्कोप घ्यावा की ऐकायचा प्रोब करावा?

गिटारच्या छोट्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) हौसेने चार बदल केले आणि आता तो गुरगुरतोय, शीळ घालतोय किंवा अर्ध्या आवाजावर अडलाय. सिरीज बल्ब (शॉर्ट असेल तर करंट रोखणारा, मेन्सच्या वाटेतला बल्ब) लावून झाला, मल्टिमीटरने सगळी व्होल्टेज पाहिली, ती जागच्या जागी आहेत. यापुढे दोनच वाटा उरतात: ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारा स्कोप, विकत घेणे किंवा सर्किटमधला सिग्नल कानाने ऐकवणारा ऑडिओ प्रोब थोडक्या पैशांत जोडणे. मी दोन्ही वापरलेत. अजूनही दोन्ही टेबलावर आहेत, पण हात एकाकडेच जातो.

माझा ॲम्प म्हणजे अमेरिकन फेंडर कंपनीच्या छोट्या चॅम्प ॲम्पचं जुनं ५एफ१ सर्किट, घरी बांधलेलं. तीन व्हॉल्व्ह: सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७, स्पीकर चालवायला एक ६व्ही६, एसीचं डीसी करायला रेक्टिफायर ५वाय३. बदलही नेहमीचेच: पहिल्या कॅथोडवर २५ मायक्रोफॅरड, एका स्टेजचा सिग्नल पुढच्या स्टेजला देणारे नवे कपलिंग कपॅसिटर आणि जरा दमदार आउटपुट ट्रान्सफॉर्मर.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे कुणाचे पैसे वाचतील. ट्रान्सफॉर्मर बदलल्या बदल्या ॲम्प किंचाळू लागला, तर यातलं काहीच घेऊ नका. आउटपुटचा थोडा सिग्नल मागे आणणारा २२ किलोओहमचा फीडबॅक रेझिस्टर एका बाजूने सोडवा. किंचाळणं थांबलं, तर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या दोन तारांची अदलाबदल करा. निगेटिव्ह फीडबॅक उलटा होऊन पॉझिटिव्ह झालेला असतो, एवढंच. गल्लीत गुंडाळून घेतलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या तारांच्या रंगांवर तसाही भरवसा ठेवता येत नाही. तसंच ६व्ही६च्या ग्रिडवर (जिथे सिग्नल व्हॉल्व्हमध्ये शिरतो) डीसी शून्याच्या आसपासच हवं. तिथे पॉझिटिव्ह दोन-तीन व्होल्ट दिसले, तर पहिला संशय गळक्या कपलिंग कपॅसिटरवर घ्यायचा. तोही मल्टिमीटरनेच सापडतो.

खरी पंचाईत होते ती हमची, म्हणजे सतत येणाऱ्या गुणगुणाटाची. प्रोब म्हणजे ६३० व्होल्टचा ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर, त्याच्यापुढे १०० किलोओहम, मग १ मेगओहम जमिनीला (ग्राउंडला, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला, चासीला), आणि शील्डेड वायरने हे सगळं दुसऱ्या एखाद्या लहान ॲम्पला. वायरची जाळी चासीला. ऐकायच्या ॲम्पच्या इनपुटला उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८ डायोड टाकलेत तर फार बरं. प्लेटवरून (व्हॉल्व्हचं सिग्नल बाहेर पडणारं, जास्त व्होल्टेजचं टोक) ग्रिडवर टोक नेलं की थाडकन आवाज येतो, तो निदान आटोक्यात राहतो. ऐकायच्या ॲम्पचा आवाज आधी अगदी कमी ठेवा.

आता गिटार वाजवणाऱ्याला याचा फायदा बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. फिलामेंटमधून (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेतून) शिरलेली हम ५० ची, आणि फिल्टर नीट न झालेल्या सप्लायची १०० ची. जाड ई तारेचा तिसरा पडदा (फ्रेट) म्हणजे जी, ९८ हर्ट्झ. तो वाजवून हमशी ताडून पाहा. जुळला तर सप्लायकडे वळा, हम त्याच्याही खाली एक सप्तक असेल तर फिलामेंटच्या वायरिंगकडे. अमेरिकन मंडळींच्या व्हिडिओत ६० आणि १२० सांगतात, ते हिशेब इथे लागू नाहीत. मात्र आठ इंची स्पीकरमधून ५० चा मूळ सूर जेमतेमच येतो, त्यामुळे ऐकायला मोठा स्पीकर असलेला बरा.

माझ्या ॲम्पमध्ये हम तिसऱ्या पडद्याशी जुळली. मग प्रोबचं टोक सप्लायवरून फिरवलं. पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर जोरदार घरघर, दुसऱ्यावर बरीच कमी. तिसऱ्यावर जवळजवळ शांतता हवी, तर तिथेही दुसऱ्याइतकीच. त्या कपॅसिटरचा जमिनीकडचा जोड ड्राय सोल्डर (कच्चा जोड) होता, बदलांच्या खटपटीत हलून पुरता सुटलेला. स्कोपवर हे दिसलं नसतं असं नाही. उलट आकड्यांत दिसलं असतं.

स्कोपची बाजू मी मुद्दाम कमी करत नाही. ऐकू येण्याच्या पलीकडचं ऑसिलेशन कानाला कळत नाही. ॲम्प वाढवला की आवाज चोंदतो, पातळ होतो, गिटार न जोडताही ६व्ही६ची प्लेट लालसर होते, अशा वेळी प्रोबमधून काहीच हाती लागत नाही आणि स्कोपच्या पडद्यावर लाटेवर बसलेली केसाळ रेघ पहिल्या झटक्यात दिसते. दोनपैकी कुठली स्टेज आधी क्लिप होतेय (लाटेचं डोकं कापतेय) हेही तोच सांगतो. बदल करण्यामागे टोनचाच हेतू असेल, तर याचं मोल मोठं आहे.

तरीही मला स्कोपचं एक जमलं नाही, आणि ते किमतीचं नाही. स्कोप वापरताना हात चासीत असतो आणि नजर पडद्यावर. खाली ३०० व्होल्टच्या वर, सॉकेटच्या पिना इतक्या जवळजवळ, आणि लाट वाचायला मान वर केली की टोक पाव इंच सरकतं. हुक लावून प्रत्येक जागी ॲम्प बंद-चालू करावा, तर दर वेळी कपॅसिटर उतरवा, हुक हलवा, पुन्हा व्हॉल्व्ह तापू द्या. चार जागा तपासता तपासता चहा गार होतो. प्रोबने ऐकताना डोळे टोकावरच राहतात, दुसरा हात खिशात, आणि ऐकायला मान वळवावी लागत नाही. ज्यांचा स्कोप टेबलावर अगदी समोर, चासीच्या उंचीला बसतो, त्यांना कदाचित हे जाणवणारही नाही. माझ्या टेबलावर तेवढी जागा नाही.

स्वस्त किट-स्कोपच्या मोहात मात्र कुणी पडू नये असं वाटतं. त्यातल्या बऱ्याच स्कोपची इनपुटची मर्यादा ५० व्होल्टची. स्कोपच्या प्रोबवरचं सरकबटण चुकून १एक्सवर (जिथे सिग्नल कमी न होता तसाच आत जातो) राहिलं, तर पहिल्याच प्लेटवर कारभार आटोपला.

म्हणून घरचा एकच ॲम्प असेल आणि दुखणं हमचं, खरखरीचं किंवा मधेच हरवणाऱ्या आवाजाचं असेल, तर आधी प्रोब करा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत सगळं सामान एका फेरीत मिळतं. ऑसिलेशनचा संशय आलाच, तर ओळखीतल्या कुणाचा स्कोप एका संध्याकाळपुरता आणता येतो. मित्रांचे ॲम्प नियमित दुरुस्तीला येत असतील तर स्कोप घ्याच, पण १००एक्स प्रोबचे (सिग्नल शंभरपट कमी करून स्कोपला देणाऱ्या) पैसेही त्याच वेळी बाजूला काढा. सिंगल एंडेड (आउटपुटला माझ्यासारखा एकच व्हॉल्व्ह असलेल्या) ॲम्पच्या आउटपुट प्लेटवर सिग्नलचं टोक सप्लायच्या दुपटीपर्यंत जातं, आणि स्कोपसोबत आलेला १०एक्स प्रोब तेवढं सहन करेलच असं नाही.