उच्च रक्तदाबाच्या स्व-काळजीची मराठी प्रश्नावली: गावात वापरल्यानंतरचा अभिप्राय

आमच्या वर्धा जिल्ह्यातील गावच्या उपकेंद्रात बीपीच्या गोळ्यांसाठी येणाऱ्या रुग्णांकडून एका संस्थेने मराठीत आणलेली स्व-काळजी प्रश्नावली आशाताईंसोबत बसून मी भरून घेतली. तिचा आराखडा अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायपरटेन्शन सेल्फ-केअर प्रोफाइल’ या प्रश्नावलीवर बेतलेला आहे. वर्तन, प्रेरणा आणि आत्मविश्वास असे तिचे तीन भाग असून प्रत्येक भागात वीस प्रश्न आहेत व प्रत्येक उत्तराला एक ते चार गुण मिळतात.

आत्मविश्वासाचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. गोळी रोज घेता का, असे विचारले की बहुतेक जण हो म्हणतात. पण न चुकता घेता येईल याची कितपत खात्री वाटते, असे विचारल्यावर सोयाबीनच्या सवंगणीत पहाटेच घर सोडावे लागते, डोके दुखायचे थांबले की गोळीही थांबते, अशी खरी कारणे आपोआप पुढे येतात.

आहाराचे प्रश्न मात्र आमच्या गावाला लागू पडत नाहीत. पाकिटावरील सोडियमचे प्रमाण वाचता का, हा प्रश्न किराणा सुटा घेणाऱ्या आणि ठेचा, लोणचे, पापड, कुरड्या घरीच करणाऱ्या बाईला विचारून काहीच हाती लागत नाही, आणि तिच्या ताटातले मीठ नेमके याच पदार्थांतून येते. थाई रुग्णांसाठी अशी प्रश्नावली घडवायची तर तिथल्या रोजच्या जेवणातील खारट फिश सॉसबद्दल विचारावेच लागेल. तसाच विचार येथेही व्हायला हवा होता. धूम्रपानाच्या प्रश्नाला दिवसभर खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणारा माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि पूर्ण गुण मिळवतो, ही तर गंभीर उणीव आहे, कारण तंबाखूतील निकोटिन तोंडावाटे गेले तरी रक्तदाब वाढवते. निंदणाला दिवसभर वाकणारी बाई व्यायामाच्या प्रश्नात शून्यवत ठरते, हेही मला पटले नाही.

सोबतच्या पुस्तिकेत भाषांतर, उलट भाषांतर (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत करून पाहणे) आणि तज्ज्ञांची तपासणी यांचा उल्लेख आहे, प्रश्नांचा आपसातील मेळ दाखवणारा क्रॉनबॅक अल्फा हा आकडाही दिला आहे. परंतु अल्फा चांगला असणे म्हणजे प्रश्न एकमेकांशी जुळणे एवढेच. ते खरोखर स्व-काळजीच मोजतात की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रश्न वाचून रुग्णाला काय उमगले ते त्याच्याच तोंडून ऐकावे लागते, काही दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी लागते आणि गुणांची तुलना प्रत्यक्ष रक्तदाबाशी करावी लागते. ही शेवटची तुलना आमच्याकडे अवघड नव्हती. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ या सरकारी रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यातील महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत वर्धा आणि भंडारा होते, आणि त्या पद्धतीत प्रत्येक भेटीचा रक्तदाब रुग्णाच्या कार्डावर नोंदला जातो. पुस्तिकेत या नोंदींचा कुठेही वापर दिसत नाही.

साठ प्रश्न म्हाताऱ्या माणसांना फार होतात. शेवटाकडे उत्तरे सरसकट एकसारखी येऊ लागतात. म्हणून सध्या आशाताईंनी केवळ आत्मविश्वासाचा भाग वापरावा, खर्रा आणि घरच्या खारट पदार्थांबद्दल तोंडी विचारावे, आणि संस्थेने पुढील आवृत्तीपूर्वी विदर्भातील रुग्णांसोबत बसून आहाराचे सर्व प्रश्न नव्याने लिहावेत, अशी माझी शिफारस आहे.