परफॉर्मन्स इनसाइट्सकडून डेटाबेस इनसाइट्सकडे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ॲमेझॉनच्या आरडीएस आणि ऑरोरा या क्लाउडवरच्या डेटाबेस सेवा सांभाळणाऱ्यांना परफॉर्मन्स इनसाइट्सचा, म्हणजे डेटाबेसवरचा भार आलेखात दाखवणाऱ्या साधनाचा, परिचय करून देण्याची गरज नाही. डेटाबेस मंदावल्याची तक्रार आली की सर्वप्रथम त्याचाच आलेख उघडायचा, हा बहुतेकांचा शिरस्ता आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ॲमेझॉनच्याच क्लाउडवॉच या देखरेख सेवेत डेटाबेस इनसाइट्स हे नवे साधन दाखल झाले आणि त्यानंतर परफॉर्मन्स इनसाइट्सचा कन्सोल, तसेच १ ते २४ महिन्यांपर्यंत हवा तेवढा इतिहास विकत घेऊन ठेवण्याची सोय बंद होणार असल्याचे जाहीर झाले. त्यासाठीची मूळ मुदत ३० नोव्हेंबर २०२५ होती. पुढे ती २०२६ मध्ये ढकलण्यात आली. आम्ही पुण्यातून मुंबई रीजनमधली ऑरोरा पोस्टग्रेस या डेटाबेसची काही क्लस्टर्स (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांचे गट) चालवतो. मुदत अंगावर येण्याची वाट न पाहता ती आम्ही आधीच नव्या साधनावर नेली.

प्रत्यक्ष बदल फारसा अवघड नाही, कारण मोजमापाची पद्धत तीच राहते. दर सेकंदाला चालू सेशन्सचा (डेटाबेसशी जोडून काम करत असलेल्या जोडण्यांचा) नमुना घेतला जातो, त्यावरून सरासरी सक्रिय सेशन्सचा आकडा निघतो आणि तो मॅक्स व्हीसीपीयूच्या, म्हणजे सर्व्हरच्या आभासी प्रोसेसरांच्या संख्येच्या, आडव्या रेषेशी ताडून पाहायचा असतो. डीबीलोड या मेट्रिकवर, म्हणजे याच आकड्यावर, लावलेले आमचे सर्व अलार्म जसेच्या तसे चालू राहिले. परफॉर्मन्स इनसाइट्सचा एपीआय (प्रोग्रॅममधून आकडे मागवण्याची सोय) बंद होणार नसल्यामुळे, रोज सकाळी आदल्या दिवसाच्या सर्वात जड क्वेरींचा (डेटाबेसला दिलेल्या आज्ञांचा) तक्ता बनवणाऱ्या स्क्रिप्टलाही हात लावावा लागला नाही. खरा वेळ गेला तो परवानग्यांमध्ये. पूर्वी डेव्हलपरांना आरडीएसच्या कन्सोलपुरती वाचण्याची मुभा दिली की भागत असे. आता सगळे क्लाउडवॉचमध्ये गेल्यामुळे मेट्रिक्स आणि लॉग्ज यांच्याही परवानग्या द्याव्या लागतात, आणि सुरक्षा विभागाकडून त्या एकेक करून मंजूर करून घेणे हे काम सेटिंग बदलण्याच्या कामापेक्षा कितीतरी लांबले.

नव्या साधनात स्टँडर्ड आणि ॲडव्हान्स्ड असे दोन मोड आहेत. स्टँडर्डमध्ये इतिहास ७ दिवसांचा मिळतो, ॲडव्हान्स्डमध्ये १५ महिन्यांचा. कमांड लाइनवरून बदल करताना हा कालावधी ४६५ दिवस असा स्पष्ट द्यावा लागतो. मधले काहीही निवडता येत नाही. आम्हाला ३ महिन्यांचा इतिहास पुरेसा होता, त्यामुळे हा भाग मला अजूनही थोडा खटकतो. ऑरोरामध्ये मोड संपूर्ण क्लस्टरला लागू होतो, म्हणजे केवळ रायटरला (लिहिणाऱ्या सर्व्हरला) ॲडव्हान्स्ड आणि रीडरला (फक्त वाचनाच्या सर्व्हरला) स्टँडर्ड अशी विभागणी करता येत नाही, आणि आकारणी व्हीसीपीयूच्या तासांवर असल्याने याचा थेट परिणाम बिलावर होतो. एक रायटर आणि दोन रीडर, तिन्ही १६ व्हीसीपीयूंचे, असे क्लस्टर असेल तर ४८ व्हीसीपीयू आणि महिन्याचे सुमारे ७३० तास धरून ३५,००० हून अधिक व्हीसीपीयू-तास होतात. एखादा रीडर रात्रभर रिकामा बसून असला तरी तो या हिशेबात येतोच. म्हणून ‘सगळीकडे ॲडव्हान्स्ड’ असा सरसकट निर्णय कोणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग पैसे कशासाठी मोजायचे? माझ्या मते मुख्यतः लॉकच्या, म्हणजे एका कामाने डेटा धरून ठेवून दुसऱ्याला अडवण्याच्या, विश्लेषणासाठी.

जुन्या आलेखाची एक मर्यादा त्याच्या व्याख्येतच होती. तो फक्त सक्रिय सेशन्स मोजतो. ट्रॅन्झॅक्शन (एकत्र पूर्ण करायच्या आज्ञांचा संच) उघडी ठेवून स्वस्थ बसलेले सेशन सक्रिय नसते, त्यामुळे ते आलेखात येतच नाही. आमच्याकडे एका संध्याकाळी नेमका असाच प्रसंग घडला. कोणीतरी क्वेरी एडिटरमधून ऑर्डरच्या टेबलावर एक साधा सिलेक्ट (वाचनाची आज्ञा) चालवला, ऑटोकमिट (आज्ञा संपताच ट्रॅन्झॅक्शन आपोआप मिटवण्याची सोय) बंद असल्याने ट्रॅन्झॅक्शन उघडीच राहिली, आणि त्याच सुमारास नव्या आवृत्तीबरोबर त्या टेबलात एक कॉलम वाढवणारी अल्टर टेबल आज्ञा आली. या आज्ञेला संपूर्ण टेबलावर एकहाती लॉक हवा असतो, त्यामुळे ती त्या सिलेक्टच्या मागे अडकली. आणि तिच्यामागून आलेली त्या टेबलावरची प्रत्येक क्वेरी, अगदी निरुपद्रवी वाचनसुद्धा, तिच्या मागे रांगेत उभी राहिली. आलेखात लॉक-रिलेशन या, म्हणजे टेबलावरच्या लॉकसाठीच्या, प्रतीक्षेचा पट्टा व्हीसीपीयूच्या रेषेच्या कितीतरी वर गेला होता, सीपीयू मात्र जवळपास मोकळा होता. टॉप एसक्यूएलच्या (सर्वाधिक भार टाकणाऱ्या क्वेरींच्या) यादीत दिसत होत्या त्या फक्त अडकलेल्या क्वेरी, आणि अडवणाऱ्याचा तिथे मागमूसही नव्हता.

अशा वेळी पूर्वी आम्ही पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी आणि पीजी-लॉक्स या पोस्टग्रेसच्या अंतर्गत तक्त्यांची जोडणी करून अडवणारा शोधत असू. पण ते चालू क्षणाचे चित्र असते; तोपर्यंत एखाद्याने घाबरून ॲप्लिकेशन रीस्टार्ट केले की पुरावाच नाहीसा होतो. डेटाबेस इनसाइट्सच्या लॉक ट्रीमध्ये मुळाशी ते स्वस्थ बसलेले सेशन, त्याखाली अल्टर टेबल आणि त्याखाली रांगेतली सर्व सेशन्स अशी उतरंड दिसली, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ती तशीच उघडून दाखवता आली. त्यानंतर निष्क्रिय ट्रॅन्झॅक्शनची कालमर्यादा खाली आणणे आणि टेबलरचना बदलणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबण्याची कमाल वेळ) सक्तीचा करणे, या दोन्ही गोष्टी कोणत्याही वादाविना मंजूर झाल्या. लॉक ट्रीसाठीची क्षणचित्रे दर १५ सेकंदांनी घेतली जातात, त्यामुळे दोन-तीन सेकंदांचे लॉक त्यातून निसटतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

दुसरा उपयोग एक्झिक्युशन प्लॅनचा, म्हणजे क्वेरी चालवण्यासाठी डेटाबेस निवडतो त्या मार्गाचा. ऑरोरा पोस्टग्रेसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एकाच क्वेरीचे वेगवेगळे प्लॅन वेगवेगळ्या ओळखक्रमांकांनी नोंदले जातात आणि लोडची विभागणी प्लॅननुसार पाहता येते. कालपर्यंत वेगाने चालणारी क्वेरी आज अचानक का रखडली, या प्रश्नाचे उत्तर इंडेक्स स्कॅनच्या (सूचीवरून नेमका शोध) जागी सीक्वेन्शियल स्कॅन (संपूर्ण टेबल वाचणे) आल्याचे दोन प्लॅन शेजारी ठेवून दाखवता आले, की ॲनालाइझ (टेबलाची आकडेवारी ताजी करणारी आज्ञा) चालवण्यापर्यंत पोहोचायला फार चर्चा लागत नाही.

सर्व डेटाबेसांच्या ताफ्याचा षटकोनी घरांचा डॅशबोर्ड दिसायला देखणा आहे. मोजकीच क्लस्टर्स असलेल्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. मंद क्वेरींचा भाग उपयुक्त आहे, परंतु त्यासाठी पोस्टग्रेसचा लॉग (घडामोडींची नोंद) क्लाउडवॉच लॉग्जकडे पाठवावा लागतो आणि त्याची आकारणी वेगळी होते. क्वेरी मंद म्हणून नोंदवण्यासाठीच्या किमान कालावधीची मर्यादा फार खाली ठेवली तर लॉगचा खर्च देखरेखीच्या खर्चाला मागे टाकू शकतो. आम्ही ती १ सेकंदावर ठेवली आहे.

सध्या आमच्याकडे व्यवहारांचे मुख्य क्लस्टर तेवढे ॲडव्हान्स्डवर आहे. अहवालांचे आणि चाचणीचे क्लस्टर स्टँडर्डवरच ठेवले असून, त्यांच्या बाबतीत ७ दिवसांपलीकडचे काही पाहण्याची गरज अद्याप पडलेली नाही.