जेनी, वॉटर फ्रेम की म्यूल? प्रदर्शनासाठी कुठलं मशीन निवडावं

शाळांची प्रदर्शनं सुरू झाली की औद्योगिक क्रांतीच्या टेबलावर स्पिनिंग जेनी हमखास असते, पुठ्ठ्याची नाहीतर आइस्क्रीमच्या काड्यांची, आणि मागच्या चार्टवर लिहिलेलं असतं की जेनीमुळे कारखाने आले. जेनीबद्दल मला प्रेमच आहे पण हे वाक्य काही बरोबर नाही. त्यामुळे यंदा ज्यांच्या मुलांना किंवा वर्गाला सूत काढायच्या जुन्या मशीनचं मॉडेल करायचंय त्यांच्यासाठी तिन्ही मशीन शेजारी-शेजारी ठेवून लिहितेय, मग तुमचं तुम्ही ठरवा.

आधी एक गोष्ट पक्की करा. सूत काढायचं म्हणजे तीन कामं : कापसाचा पेळू (विंचरलेल्या कापसाची सैल वात) ओढून बारीक करणं, त्याला पीळ देणं आणि तयार सूत गुंडाळणं. यातलं अवघड काम ओढण्याचं, कारण जास्त ओढलं तर तुटतं, कमी ओढलं तर गाठाळ सूत येतं आणि ते बोटांनाच कळतं. मशीन बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की इथे ओढतंय कोण?

जेनीत माणूसच ओढतो. लँकेशायरमधल्या जेम्स हारग्रीव्ह्जने १७६४ च्या सुमारास ती बनवली, पहिल्या मशीनला ८ चात्या (सूत पिळणाऱ्या आणि गुंडाळणाऱ्या फिरत्या सळया) होत्या आणि १७७० च्या पेटंटमध्ये १६. एका हाताने मोठं चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताने पेळू चिमटीत धरलेली लाकडी पट्टी मागे ओढायची, पीळ बसला की तार खाली दाबून पट्टी पुढे आणत सूत चात्यांवर गुंडाळायचं, की परत पहिल्यापासून. म्हणजे चरख्याचंच काम पण एका वेळी ८ धाग्यांवर. त्याची तेव्हा फार गरज होती, कारण १७३३ मध्ये जॉन के याचा उडता धोटा (मागावर आडवा धागा भराभर नेणारं साधन) आला होता, माग भराभर चालायला लागले आणि एका विणकराला पुरेल इतकं सूत काढायला चार-पाच जणी लागत होत्या.

पण जेनीचं सूत मऊ, पीळ कमी, त्यामुळे ते बाण्याला, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांना चालायचं, ताण सोसणाऱ्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना नाही, तिथे लिननचा धागा घालावा लागे. आणि मुख्य म्हणजे जेनी घरात मावायची. १७६८ मध्ये लोकांनी हारग्रीव्ह्जची मशीन फोडली आणि तो नॉटिंगहॅमला गेला हे खरं, पण १७७९ च्या दंगलीत जमावाने लहान जेन्या सोडून दिल्या आणि मोठ्या तोडल्या. लहान जेनी घरातलं काम वाढवते, मोठी ते काम घरातून नेते, हे त्या लोकांना नीट कळत होतं! चार्टवर ही गोष्ट घाला, हारग्रीव्ह्जच्या मुलीच्या नावावरून जेनी हे नाव पडलं वगैरे गोष्ट नको, तिला आधार नाहीये.

आता वॉटर फ्रेम, म्हणजे पाण्याच्या चाकावर चालणारं सूत काढायचं मशीन, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण खरा बदल इथे झाला. रिचर्ड आर्कराइट मूळचा न्हावी आणि केसांचे टोप करणारा. त्याने एका घड्याळजीला हाताशी धरलं (त्याचंही नाव जॉन के, पण धोट्यावाला वेगळा, चार्टवर दोघांना एक करू नका) आणि १७६९ मध्ये पेटंट घेतलं. कल्पना पूर्णपणे त्याची नव्हती, लुईस पॉलने १७३८ मध्येच रुळांचं पेटंट घेतलं होतं, पण ते मशीन नीट चाललं नाही. आर्कराइटने ते चालवून दाखवलं. रुळांच्या जोड्या एकामागे एक, पुढची जोडी मागचीपेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे पेळू आपोआप ओढला जातो. दोन जोड्यांमधलं अंतर कापसाच्या तंतूच्या, म्हणजे रेषाच्या लांबीपेक्षा थोडंसंच जास्त पाहिजे, फार ठेवलं तर रेषे मध्येच सुटतात आणि सूत जाड-बारीक येतं, कमी ठेवलं तर रेषे तुटतात, आणि वरच्या रुळांवर वजनं टांगून पकड ठेवायची.

म्हणजे ओढण्याचं काम बोटांकडून रुळांकडे गेलं. शिवाय तिन्ही कामं एकाच वेळी, न थांबता. सूत इतकं मजबूत की ताण्याला चाललं. नवशिका माणूसही मशीनवर उभा राहू शकत होता, त्यामुळे आर्कराइटच्या क्रॉमफर्डच्या गिरणीत (१७७१) लहान मुलं मोठ्या संख्येने कामाला होती आणि बारा-बारा तासांच्या पाळ्यांमध्ये गिरणी दिवसरात्र चालायची. आर्कराइटने लायसन्ससुद्धा हजार चात्यांच्या हिशोबाने दिली, घरच्या घरी एक फ्रेम चालवायची सोयच ठेवली नाही. कामगारांसाठी घरं बांधली. पाणी, पाळी, घंटा, चाळ, हे सगळं एका मशीनभोवती उभं राहिलं. पुढे सॅम्युएल स्लेटर हेच मशीन डोक्यात ठेवून अमेरिकेला गेला आणि १७९० मध्ये पॉटकेटला त्याने ते चालू केलं.

म्यूल थोडक्यात. सॅम्युएल क्रॉम्प्टन, बोल्टन, १७७९. आर्कराइटचे रूळ अधिक जेनीसारखी मागे-पुढे जाणारी गाडी. सूत बारीक आणि मजबूत दोन्ही, त्यामुळे मलमलीसारखं कापड इंग्लंडमध्ये विणता यायला लागलं आणि आपल्याकडच्या ढाक्याच्या मलमलीला बाजारात टक्कर बसली. बिचाऱ्याने पेटंट घेतलं नाही, वर्गणीतून साधारण ६० पौंड मिळाले, १८१२ मध्ये पार्लमेंटने ५००० पौंड दिले, तोपर्यंत ४० लाखांहून जास्त चात्या म्यूलवर फिरत होत्या.

मग कुठलं घ्यायचं? पाचवी ते सातवीची मुलं असतील आणि मॉडेल खरंच चालायला हवं असेल तर जेनी घ्या, ४ चात्या पुरेत, सुताराकडून एक चौकट आणि सायकलचं छोटं चाक मिळालं की काम होतं. आठवीच्या पुढे आणि विषय औद्योगिकीकरण असेल तर मी वॉटर फ्रेमच सांगेन, अख्खी नको, फक्त रुळांच्या दोन जोड्या. म्यूल मॉडेलसाठी नकोच, गाडी आणि रुळांचा मेळ बसवण्यात सगळा वेळ जातो, तो चार्टवर दाखवा.

आपल्याकडचा दुवाही वॉटर फ्रेमलाच जास्त जोडता येतो. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत गिरणीची कंपनी काढली, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपूरला १८७७ मध्ये सुरू झाली आणि तिथे त्यांनी लवकरच रिंग फ्रेम आणली. ती रिंग फ्रेम वॉटर फ्रेमच्याच जातीची, न थांबता चालणारी, आणि आज इचलकरंजीकडच्या सूतगिरणीत गेलात तरी रूळ तेच काम करताना दिसतील. अंबर चरख्यातही (खादीचं सूत काढायचा अनेक चात्यांचा चरखा) रूळ आहेत, तो मिळाला तर मॉडेलशेजारी ठेवाच.

रूळ करताना जाड पीव्हीसी पाइप घेऊ नका. कापसाचा रेषा साधारण २८-३० मिमी असतो, त्यामुळे दोन जोड्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ३५ मिमीच्या आसपास हवं आणि जाड पाइप तेवढे जवळ येतच नाहीत. २५ मिमीचे लाकडी दांडे घ्या, वरच्यांवर सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बसवा, दोरीने वजन टांगा, पुढची जोडी मागचीच्या चौपट फिरेल असे गिअर लावा, आणि पेळू सूतगिरणीतून मागून आणा, दुकानातल्या कापसाच्या गुंडाळीने हे होणार नाही.