जड वजन उचलताना दोन सेटमध्ये किती थांबावे: १, ३ की ५ मिनिटे?

स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस अशा व्यायामांत ताकद वाढवायची असेल, तर दोन सेटमध्ये (सेट म्हणजे न थांबता सलग केलेल्या उचलण्यांचा गट) सुमारे ३ मिनिटे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. १ मिनिट आणि ५ मिनिटे हे पर्याय चुकीचे नाहीत; मात्र त्यांची जागा वेगळी आहे.

जड सेट बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो आणि तेवढ्या वेळात स्नायू बऱ्याच अंशी स्वतःजवळ साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिन या झटपट ऊर्जा देणाऱ्या पदार्थावर काम करतो. हा साठा सुरुवातीला भराभर भरतो, पण उरलेला भाग सावकाश भरत असल्यामुळे तो जवळपास पूर्ववत होण्यास ३ ते ५ मिनिटे लागतात. त्याआधीच बारखाली गेल्यास वजन तेच राहते, पण रेप्स (एका सेटमध्ये वजन किती वेळा उचलले ती संख्या) घटतात, किंवा रेप्स टिकवण्यासाठी प्लेट उतरवाव्या लागतात.

तरीही १ मिनिटाच्या विश्रांतीचा आग्रह अनेक ट्रेनर धरतात. कमी विश्रांतीमुळे व्यायामानंतर रक्तातील ग्रोथ हार्मोन अधिक वाढते आणि त्यामुळे स्नायूही अधिक वाढतात, हा त्यामागचा जुना युक्तिवाद. त्यातील पहिला भाग खरा असला, तरी ती वाढ थोड्या वेळापुरती असते आणि दुसरा भाग पुढील संशोधनात टिकला नाही. व्यायामशास्त्राचे संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वजनांचा सराव असलेल्या तरुणांच्या एका गटाला १ मिनिट आणि दुसऱ्याला ३ मिनिटे विश्रांती दिली होती. ८ आठवड्यांनंतर स्क्वॉट आणि बेंच प्रेस या दोन्हींतील कमाल वजन ३ मिनिटांच्या गटात अधिक वाढले, शिवाय मांडीच्या पुढच्या स्नायूंची जाडीही त्याच गटात जास्त वाढली. सहभागी मोजकेच, २१ होते आणि सेट ८ ते १२ रेप्सचे होते, हे मात्र ध्यानात ठेवावे. बायसेप्स कर्ल, लॅटरल रेज यांसारख्या हलक्या, एका सांध्याच्या व्यायामांना १ ते दीड मिनिट पुरेसे असते.

५ मिनिटांची गरज कमाल वजनाच्या अगदी जवळ, १ ते ३ रेप्सचे सेट करणाऱ्यालाच भासते. तिथे थोडा थकवाही प्रयत्न फसवू शकतो. (वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत ही चैन नसते: एकाच खेळाडूला लागोपाठ दोन प्रयत्न करायचे असल्यास त्याला २ मिनिटेच मिळतात. पॉवरलिफ्टिंगमध्ये, म्हणजे स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्टच्या स्पर्धेत, प्रयत्न फेऱ्यांनी होत असल्याने सहसा जास्त वेळ मिळतो.) ५ रेप्सच्या सेटसाठी इतके थांबणे मला अनावश्यक वाटते, अर्थात स्क्वॉट किंवा डेडलिफ्टनंतर दमच बसत नसेल, तर चौथे मिनिट घेण्यात संकोच नसावा.

खरा अडथळा वेळेचा असतो. ५ सेटमध्ये विश्रांतीच्या ४ खेपा येतात, म्हणजे एका व्यायामामागे १ मिनिटाच्या हिशेबाने ४, ३ मिनिटांच्या हिशेबाने १२ आणि ५ मिनिटांच्या हिशेबाने २० मिनिटे जातात. हाताशी तासभरच असेल, तर मुख्य व्यायामाची विश्रांती कापण्याऐवजी शेवटचे एक-दोन किरकोळ व्यायाम वगळावेत, किंवा बेंच प्रेस आणि रोइंग (वजन स्वतःकडे ओढणे) असे परस्परविरुद्ध स्नायूंचे व्यायाम आलटून पालटून करावेत. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट यांची मात्र अशी जोडी लावू नये, कारण दोन्हींचा भार कमरेवर येतो. संध्याकाळच्या गर्दीत एकच रॅक दोघांनी वाटून घेतल्यास, प्लेट बदलण्याचा वेळ धरून, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे आपोआप मिळतात. मोबाइल हातात घेणाऱ्याने टायमर लावावा, अन्यथा ३ मिनिटांची ७ कधी होतात ते कळत नाही.

आपल्यासाठी नेमका आकडा ठरवताना रेप्सची नोंद ठेवावी. वजन तेच असताना पुढच्या सेटमध्ये दोनपेक्षा अधिक रेप्स घटल्या, तर विश्रांती एका मिनिटाने वाढवून पाहावी. सर्व सेट सारखेच निघत असतील, तर अर्धे मिनिट कमी करून पाहण्यास हरकत नाही.