‘बिनऑपरेशनचं’ पॅकेज: इंदूरमध्ये मणक्याच्या रुग्णांना असं गंडवतात

रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंकडून ‘स्पाइन सेंटर’ने २४ सिटिंगचे ५५,००० रुपये आगाऊ घेतले. एमआरआयच्या अहवालातल्या ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’ (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीचा फुगवटा) या ओळीखाली लाल रेघ मारली आणि सांगितलं, “आजच मशीन सुरू करा, नाहीतर पाय लुळा पडेल. ऑपरेशन केलंत तर कायमचं अंथरूण.” अहवालात फुगवटा डावीकडे होता, काकूंची कळ उजव्या पायात. हे कोणी ताडूनच पाहिलं नाही!

पाठ अजिबात न दुखणाऱ्या चाळिशीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या एमआरआयमध्ये असा फुगवटा दिसतो. कळ, डॉक्टरांची तपासणी आणि चित्र तिन्ही जुळली, तरच गादीला दोष द्यायचा.

ते मशीन म्हणजे कंबरेला पट्टा बांधून ओढणारं ट्रॅक्शनच. त्याने गादी आत जाते याला भरवशाचा पुरावा नाही. गादीतून बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच शोषून घेतं आणि बहुतेकांची कळ ६ ते १२ आठवड्यांत ओसरते. पॅकेजही तितकेच आठवडे चालतं, म्हणून श्रेय मशीनला मिळतं.

जोडीला बिनलेबलच्या ‘हर्बल’ पुड्या दिल्या. दुखणं झटकन थांबलं, मग चेहरा सुजला, साखर चढली. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा आढळलं आहे. आठवडेच्या आठवडे घेतल्या असतील तर स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याच दिवशी फिजिशियनला दाखवा.

सुरुवातीला चालणं-फिरणं, वेदनाशामक आणि फिजिओथेरपी पुरते. नसेजवळच्या इंजेक्शनचा आराम तात्पुरता असतो. सहा आठवड्यांनंतरही पायाची कळ असह्य असेल तर मायक्रोडिसेक्टॉमीचा, म्हणजे छोट्या छेदातून नस दाबणारा गादीचा तुकडा काढण्याच्या ऑपरेशनचा, विचार करावा. तिने पायाची कळ लवकर जाते, पाठदुखी जाईलच असं नाही. शंभरात साधारण ५ ते १० जणांची गादी पुन्हा सरकते. जंतुसंसर्ग होण्याचा, मज्जारज्जूचं आवरण फाटण्याचा धोकाही असतो.

मात्र लघवी अडकली, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, पंजा वर उचलेनासा झाला, तर एक सिटिंगही नको. इंदूरच्या एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयासारख्या, न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात तडक जा, इथे तासांना किंमत आहे.

काकूंची पावती ‘वेलनेस मेंबरशिप’ची निघाली, उपचाराचा उल्लेखच नाही. पैसे देण्याआधी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, दर सिटिंगचं बिल आणि परताव्याची अट लेखी घ्या. फसला असाल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क लागत नाही.