एला आणि बेसी, आठ महिने ऐकल्यावर

जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड आणि पियानो वाजवणारा बँडलीडर काउंट बेसी यांची 'एला अँड बेसी!' ही एलपी (मोठी रेकॉर्ड) घेऊन आठ महिने झाले, आठवड्यातून दोन-तीनदा तरी लागतेच. पहिल्या चार दिवसांत लिहिलं असतं तर "मस्त आहे, मूड फ्रेश होतो, घ्या" एवढंच लिहिलं असतं, कारण तेव्हा मला फक्त एलाचा आवाज आणि ट्रम्पेटांचा दणका एवढंच ऐकू येत होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे रेकॉर्डिंग जुलै १९६३ मधलं, न्यूयॉर्कचं, व्हर्व्ह या रेकॉर्ड कंपनीसाठी निर्माता नॉर्मन ग्रॅन्झने केलेलं. एला ४६ वर्षांची, बेसी ५८ चा, आणि अरेंजमेंट्स, म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार ते, ३० वर्षांच्या क्विन्सी जोन्सच्या, हो तोच, ज्याने पुढे मायकल जॅक्सनचा थ्रिलर प्रोड्यूस केला. एकूण १२ गाणी.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमचं घर रस्त्यावर आहे, दिवसभर रिक्षा आणि हॉर्न चालू असतात, म्हणून मी ही रेकॉर्ड कायम मोठ्या आवाजात लावायचे. दोनेक महिन्यांनी एकदा रात्री साडेअकराला लावली, बाबा झोपले होते म्हणून आवाज अगदी बारीक ठेवला, आणि तेव्हा पहिल्यांदा सगळ्याच्या खालून एक चक् चक् चक् चक् ऐकू आलं, प्रत्येक मात्रेवर एक, न थांबता. तो फ्रेडी ग्रीन. १९३७ पासून बेसीच्या बँडमध्ये गिटार वाजवणारा माणूस, अॅम्प्लिफायर नाही, सोलो जवळपास नाहीच, नुसते चार ठोके. भजनात पन्नास टाळ वाजत असताना एखाद्याचा टाळ वेगळा ऐकू येत नाही पण थांबला की लगेच कळतं ना, तसं. त्या रात्रीपासून मी रेकॉर्ड त्याच्यावर कान ठेवूनच ऐकते आणि मग एला काय करते ते खरं कळतं, ती शब्द जरासा उशिरा टाकते, कधी आधीच उचलते, आणि हे तिला बिनधास्त करता येतं कारण खाली तो माणूस जागचा हलत नाही.

बेसीचं पण तसंच आहे, पियानोवर दोन-तीन सूर वाजवतो आणि गप्प बसतो, एवढा मोठा बँड त्याच्या नावाचा आणि स्वतः इतकं कमी वाजवायचं! मला आता ते दोन सूर यायच्या आधीच हसू येतं. 'ड्रीम अ लिटल ड्रीम ऑफ मी' मध्ये मात्र तो ऑर्गनवर आहे. तरुणपणी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये बेसी ऑर्गन वाजवायला संगीतकार फॅट्स वॉलरकडून शिकला, आणि याच रेकॉर्डवरची 'हनीसकल रोझ' आणि 'एन्ट मिसबिहेविन' ही दोन गाणी वॉलरचीच, हे कळल्यापासून ती मी जास्त प्रेमाने ऐकते.

माझं सगळ्यात लाडकं 'शायनी स्टॉकिंग्ज', म्हणजे चमकणारे मोजे. मूळ चाल बँडमधल्याच सॅक्सोफोनवाल्या फ्रँक फॉस्टरची, आधी नुसतीच वाजवली जायची, यातले शब्द एलाने स्वतः लिहिले. 'इन्टू इच लाइफ सम रेन मस्ट फॉल' हे तिने १९४४ मध्ये इंक स्पॉट्स या गायकांच्या ग्रुपबरोबर गायलेलं, ते जुनं पण ऐका, संथ आणि उदास आहे, आणि मग १९ वर्षांनंतरचं हे ऐका, तेच शब्द पण बाई चक्क उड्या मारत चाललीये.

बाबांना जॅझ वगैरे काही नाही, पण एकदा पेपर वाचता वाचता म्हणाले, "हे अलबेलासारखं वाजतंय गं." ते काही चुकीचं नाही, अलबेला सिनेमाचं संगीत सी. रामचंद्रांचं, आणि त्यांच्याकडे असिस्टंट होता तो चिक चॉकलेट, गोव्याच्या आल्दोण्याचा, मुंबईत स्वतःचा जॅझ बँड चालवणारा ट्रम्पेटवाला, त्यामुळे हा ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा आवाज आपल्याकडच्या कानांना तितका परका नाहीच.

तक्रारी पण आहेत. पहिली कॉपी वाकडी आली, सुई वरखाली व्हायची, बदलून मिळायला तीन आठवडे गेले. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकूच नका, गिटार पूर्ण गायब होते आणि वरचे ट्रम्पेट कानाला बोचतात, साधे पण जरा बरे हेडफोन चालतील. आणि खरं सांगायचं तर बरीच गाणी एकाच लयीत उड्या मारत जातात, सलग दोन्ही बाजू ऐकल्या तर मध्ये थोडं सारखं वाटतं, 'माय लास्ट अफेअर' येतं तेव्हा जरा श्वास मिळतो. मी एका वेळी एकच बाजू ऐकते, आणि नवीन माणसाला दुसरी बाजू आधी देईन, 'सॅटिन डॉल' पासून.

बाबा हल्ली रात्री जेवणं झाली की स्वतःच सांगतात, "ते मोज्यांचं गाणं लाव."